तिकडच्या हवेचं युकुलेले

व्हेगासहून परत आलेलं युकुलेले एबल पाशेकोला पेटी उघडण्याआधीच कळायचं. पेटी नुसती हलवली की आत लाकडाचा सुटलेला तुकडा खुळखुळायचा. मग तो पेटी न उघडताच खिडकीखाली ठेवून द्यायचा, कारण आत काय असणार ते त्याला पाठ होतं. त्या चार तारांच्या छोट्या गिटारीच्या तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, मधोमध गेलेली चीर, आतली निखळलेली पट्टी, आणि बोटांना टोचणारी पडद्यांची टोकं. त्या खिडकीखाली अशा पेट्यांची रांगच लागली होती. रांगेकडे बघितलं की एबलला आधी कॉफी हवीशी वाटायची आणि कॉफी पिऊन झाल्यावर झोप.

"हे कुणाचं रे?" मासाने विचारलं.

मासा नाकागावा म्हणजे साखर कारखान्यातला जुना फिटर. कारखाना बंद पडल्यापासून त्याला एकच नोकरी उरली होती. रोज सकाळी एबलच्या कामाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचं आणि एबलने काम कसं करावं ते त्याला सांगायचं. पगार नव्हता, पण मासाने कधी खाडा केला नाही.

"तुझ्याच पुतण्याचं," एबल म्हणाला.

"फोडलं मेल्याने?"

"त्याने काय केलंय? हवेने फोडलं."

एबलने गोल भोकातून दोन बोटं आत घातली आणि चिरेखाली लाकडाचं एक बारकं ठिगळ सरसाने बसवलं. ते जागेवर धरून ठेवायचं म्हणजे बोट आत वाकवून, श्वास रोखून बसायचं. पूर्वी हे काम तो गाणं गुणगुणत करायचा. हल्ली बोट आखडायचं आणि गाणंही आठवायचं नाही.

हिलो हे बेटावरचं पावसाळी गाव, हवा सदा ओली. इथे कोआची, म्हणजे इथल्याच रानातल्या झाडाची, फळी कितीही वर्षं वाळवली तरी ती इथल्या हवेपुरतीच वाळते, थोडी ओल पोटात धरून असते. तिचीच तबली करून, आतून आडव्या पट्ट्या डकवून वाद्य बांधलं की ते इथे जन्मभर बिनतक्रार वाजतं. वाळवंटातल्या व्हेगासला नेलं की पहिल्याच हिवाळ्यात लाकूड आकसायला लागतं, आतल्या पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत, आणि एका रात्रीत चीर जाते. एबलने आयुष्यभर इथल्याच हवेची युकुलेले केली. दुसरी कुठली हवा असते हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. लोक जातील असं तरी कुणाला वाटलं होतं? आता हिलोतली ही केआउकाहा वस्ती निम्मी व्हेगासला जाऊन बसली होती. जाताना प्रत्येकाने उराशी एकेक युकुलेले धरून नेलं होतं आणि तिकडे पोचल्यावर प्रत्येकाचं एकेक फुटत होतं.

"मग तिकडच्यांसाठी वेगळी कर की," मासा म्हणाला. "सोपं आहे."

"तुला सगळंच सोपं असतं."

"का? होत नाही?"

"होतं. लाकूड आधी खडखडीत कोरडं करायचं, कोरड्या खोलीतच बांधायचं. पण ते मग इथे वाजणार नाही. इथली ओल प्यायलं की तबली फुगते, तारांखालची घोडी वर येते, तारा बोटाला दबत नाहीत. आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. माझ्या नावाचं असलं वाद्य कुणी इथे वाजवलं ना, तर लोक म्हणतील एबल पाशेको संपला."

"ते तर आत्ताही म्हणतात," मासा म्हणाला आणि एकटाच हसला.

डोक्यावरून विमान गेलं. विमानतळ अगदी पाठीशी असल्यामुळे केआउकाहात बोलताना मध्ये थांबायची सवय सगळ्यांनाच असते. आवाज विरल्यावर मासाने तोच धागा पुन्हा पकडला.

"मोआनी कधी निघायची?"

"बाळाचा पहिला वाढदिवस झाला की."

"दोनच वर्षं ना?"

"हो. दोन वर्षं," एबल म्हणाला.

मोआनी ही एबलची एकुलती एक मुलगी. ती शाळेत असतानाच तिची आई लोर्ना गेली, आणि पोरीला वाढवलं ते टूटूने. टूटू म्हणजे लोर्नाची आई. नव्वदी गाठलेली, पाय गेलेले, डोळे जवळजवळ गेलेले, जीभ मात्र शाबूत. घर टूटूचं होतं, जमीन टूटूच्या माणसांची होती, आणि एबल हा पोर्तुगीज बापाचा पोरगा तिच्या दृष्टीने अजूनही नुकताच आलेला जावई होता. तिनेच त्याला सुतारकामातून उचलून आपल्या नवऱ्याच्या हाताखाली घातलं होतं. "खिळे ठोकतोस ते पुरे. आता लाकडाचं ऐकायला शीक," असं ती म्हणाली होती. सासऱ्याने त्याला पहिलं वर्षभर नुसत्या फळ्या हातात धरून बोटाच्या सांध्याने वाजवायला लावल्या होत्या. ही गाते, ही कण्हते, ही बहिरी. बहिरी असेल तिचा स्वयंपाकघरातला पाट करायचा.

युकुलेले करायला एबल शिकला आणि लोर्ना त्यांना झिलई द्यायला शिकली. ती असेपर्यंत या खोलीत रेडिओ चालू असायचा, भांडणं चालू असायची, भुसा सगळ्या घरभर असायचा. ती गेल्यावर भुसा तेवढा राहिला.

मोआनीचा नवरा राइडन वीजकाम करायचा. चांगला पोरगा, कष्टाळू, जेवताना दोनदा वाढून घेणारा. इथे त्याला दोन दोन नोकऱ्या करूनही स्वतःचं घर घेता येत नव्हतं, आणि व्हेगासला हॉटेलं उभी राहायची थांबत नव्हती. म्हणून एके दिवशी जेवण झाल्यावर मोआनीने विषय काढला. दोन वर्षं जाऊ, थोडे पैसे जमवू आणि परत येऊ.

टूटूने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाली, "दोन म्हणजे दोन. मी तेवढी थांबते. त्याच्यापुढे मला धरून ठेवू नका."

"दोनच, टूटू," मोआनी म्हणाली. तिने टूटूचे दोन्ही हात धरले होते.

"आणि तुझ्या पोरीची वार इथे पुरायची. नीरफणसाखाली."

"हो गं. पार्टी झाली की पुरू."

मोआनीची मुलगी हिलिनाई जन्मली तेव्हा तिच्यामागून पडलेली, नाळेची वार दवाखान्यातून घरी आणली होती आणि चांदीच्या कागदात गुंडाळून मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवली होती, ट्यूनाच्या तुकड्यांमागे. या घरातल्या प्रत्येकाची वार या परसात आहे. टूटूची नारळाखाली, लोर्नाची आंब्याखाली, मोआनीची त्या मोठ्या नीरफणसाखाली. हिलिनाईसाठी एबलने नीरफणसाचं रोप आणून ठेवलं होतं आणि खड्डाही खणला होता. इथे खणायचं म्हणजे लाव्हाच्या खडकाला पहारीने टोचत बसायचं. पाठ धरली, हाताला फोड आले, पण खड्डा चांगला झाला. तो खणून झाल्यावर एबलला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. पोरगी गेली तरी तिचं इथे काही राहणार होतं.

बाळाचा पहिला वाढदिवस म्हणजे इथे लग्नाहून मोठं कार्य. त्याला तीनशे माणूस येतं, जमिनीत खणलेल्या भट्टीत डुक्कर पुरलं जातं, मामा-मावश्या आठवडाभर आधीच भांडायला लागतात. आणि या घरची रीत अशी, की त्या दिवशी बाळाच्या नावाचं युकुलेले पहिल्यांदा वाजतं, सगळ्यांसमोर, घरातल्या थोरल्या मामाच्या हातून. मोआनीचं तसंच वाजलं होतं. ते युकुलेले अजून बैठकीच्या भिंतीवर होतं.

"पपा, माझ्यासारखंच कर हं," मोआनी म्हणाली.

तिला माहीत होतं की तसंच करायचं तर तीच फळी लागणार. वरच्या कुरणात वादळाने पडलेलं एक म्हातारं कोआ लोर्नाच्या भावाने, सॉलोमनने, खेचरावर लादून आणलं होतं, त्याला आता चाळीस वर्षं झाली असतील. त्यातून एक युकुलेले लोर्नाचं झालं. ते तिच्याबरोबर गेलं. दुसरं मोआनीचं. उरलेली फळी एबलने कुणालाही दाखवली नाही. पैसेवाले आले, गाणारे आले, त्याने सगळ्यांना सांगितलं की लाकूड संपलं.

आता त्याने ती काढली. पातळ चिरून दोन पानं शेजारी शेजारी उघडली, तेव्हा दोन्हीकडे तीच लाट उलटसुलट आली, मध तापवल्यावर हलतो तशी. सांध्याने वाजवून बघितली. गात होती. एबल खुर्चीत बसून राहिला. मासाने उठून स्वतः एकदा वाजवून बघितली.

काम सुरू झालं. बाजूच्या पट्ट्या भिजवून तापल्या नळीवर बाक दिला. मान कोरली. तबली रंध्याने इतकी पातळ केली की दिव्यासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसावी, आणि आतल्या पट्ट्या सरसाने बसवून शिकंजे आवळले. सगळं नेहमीसारखं, इथल्या हवेत, खिडक्या उघड्या टाकून.

शिकंजे सोडले त्या सकाळी मासा मोठ्या खुशीत आला.

"तुझा जावई भेटला मासळीबाजारात," तो म्हणाला. "विचारत होता, विमानात चालतो तसला कोरडा बर्फ कुठे मिळतो. मी म्हटलं, अरे, व्हेगासला मासे मिळत नाहीत का? तर पोराचा चेहरा पडला. काय लाजरं पोरगं आहे रे! मासे नेतोय, डुक्कर नेतोय, ने की बाबा, लाजायचं काय त्यात?"

एबलच्या हातात पटाशी होती. ती त्याने बाकावर ठेवली.

"चल, जरा येतो," म्हणून तो आत गेला.

फ्रीझर मागच्या पडवीत होता. त्याने झाकण उघडलं. ट्यूनाचे तुकडे बाजूला केले, वाटाण्याच्या पिशव्या बाहेर काढल्या, बर्फ नखांनी खरवडला. मागच्या भिंतीपर्यंत हात गेला. चांदीच्या कागदाचं पुडकं तिथे नव्हतं.

तो तसाच हात आत घालून उभा राहिला. गारठ्याने बोटं बधिर झाली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. पुडकं हललं होतं याचा एकच अर्थ होता, आणि तो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांसाठी जाणारा माणूस कपडे नेतो, भांडी नेतो. पोरीची वार नेत नाही. जिथे वार पुरायची, ते घर. ते पुडकं आता राइडनच्या आईकडच्या फ्रीझरमध्ये असणार, आणि वाढदिवस झाल्यावर कोरड्या बर्फात बसून विमानाने जाणार.

"एबल, काय शोधतोयस?" आतून टूटूची हाक आली. तिचे कान नको तेव्हा तिखट होते.

"मासे काढतोय, टूटू."

"वार नीट आहे ना रे? काल वीज गेली होती."

"आहे," एबल म्हणाला.

त्याला राग आला नाही, हीच त्याला नवलाची गोष्ट वाटली. तरुणपणी तो इतक्यावरून खुर्च्या फेकायचा. आता त्याने वाटाण्याच्या पिशव्या होत्या तशा परत आत रचल्या. पोरीने खोटं सांगितलं ते टूटूसाठी, हे त्याला कळत होतं. 'कायमची जाते' असं त्या म्हातारीला तोंडावर सांगायचं म्हणजे तिला जिवंतपणी पुरण्यासारखं होतं. आणि इथे राहून तरी काय करायचं होतं पोरांनी? बापाची फुटकी युकुलेले सांधायची? त्याने मनातल्या मनात पोरीची बाजू मांडली, स्वतःच ऐकली, पटवूनही घेतली. आणि तरी त्याला पडवीच्या पायरीवर बसावं लागलं. समोर तो खड्डा होता. पावसाचं पाणी साचलेलं, कडेला रोप.

संध्याकाळी मोआनी बाळाला घेऊन आली. एबलने सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या खड्ड्याचं कसं करायचं? रोप वाट बघतंय."

मोआनी बाळाचं टोपडं नीट करत राहिली. "मी म्हणत होते पपा... आम्ही परत आल्यावर लावू या का? हिलिनाईच्या हाताने. तिला आठवण राहील."

"तेही बरोबर," एबल म्हणाला. "टूटूला सांग तसं."

तिने सांगितलं. टूटूला ते फारसं रुचलं नाही, पण पोरीच्या हाताने म्हटल्यावर ती विरघळली. "बरं. तोवर एबल, तो फ्रीझर बंद पडू द्यायचा नाही, सांगून ठेवते."

"नाही पडू देणार."

दुसऱ्या दिवशी एबलने सुरी तापवली आणि तबलीच्या आतल्या पट्ट्या एकेक करून सोडवायला घेतल्या. सरसाची हीच बरी गोष्ट. ऊब आणि ओल दिली की तो केलेलं सोडून देतो.

"अरे, अरे!" मासा स्टुलावरून उठलाच. "वेड लागलं का तुला? चांगलं बसलेलं उखडतोस काय!"

"पट्टी वाकडी बसली होती."

"कुठे वाकडी? मला दाखव."

"तुला दिसणार नाही."

मासा चिडून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला परत आला. तोवर एबलने टूटूच्या जुन्या न्हाणीघराचं दार कागद चिकटवून बंद केलं होतं, आत हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं होतं आणि दोन्ही पानं, बाजू, मान सगळं आत टांगलं होतं. यंत्र रात्रंदिवस घरघरायचं. सकाळी त्याच्या पोटातून बादलीभर पाणी निघायचं, हवेतून काढलेलं. एबल ती बादली ओढत परसात नेऊन त्या रोपाला घालायचा. रोपाला पाण्याची काडीचीही गरज नव्हती.

लाकूड हळूहळू आकसलं. वाजवलं की आता काचेसारखं टणटणायला लागलं. मग त्या कोंदट कोरड्या खोलीत, कमोडवर फळी टाकून, एबलने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. घाम गळायचा, ओठ फुटायचे, डोळे चुरचुरायचे. या वयात केलेलं मोडून पुन्हा करायचं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं. कधी कधी तो पट्टी हातात धरून नुसता भिंतीला टेकून उभा राहायचा. त्याला वाटायचं, कशाला हे? इथल्या हवेचं करून द्यावं. पार्टीत सगळे वाहवा करतील. पहिल्या हिवाळ्यात फुटेल, पेटीतून परत येईल, खिडकीखाली रांगेत बसेल. निदान परत तरी येईल.

हा विचार मात्र त्याला आवडला नाही. पोरीच्या पोरीच्या हातात फुटणारं वाद्य जाणूनबुजून द्यायचं, आणि ते फुटायची वाट बघत बसायचं? त्याने पट्टी बसवली आणि शिकंजा आवळला.

तारा चढवल्या त्या दिवशी त्याने न्हाणीघराचं दार आतून लावलं आणि एकदाच वाजवलं. लोर्नाच्या आवडीचंच काहीतरी बोटांत आलं. आवाज असा आला की त्याचा हातच थांबला. जन्मात केलेल्यांत हे सगळ्यात चांगलं होतं. त्यात शंकाच नव्हती. आणि ते ऐकलेला माणूस या बेटावर तो एकटाच असणार होता.

पेटीत ओल शोषून घेणाऱ्या वाळूच्या पुड्या घालून त्याने ते मोआनीला दिलं. "विमानात बसेपर्यंत उघडू नको," तो म्हणाला. "सरस कच्चा आहे अजून."

"पण पार्टीत वाजायला नको?"

"माझं जुनं एखादं वाजवू दे सॉलोमनला. चालतं."

"असं कसं चालतं पपा? तिच्या नावाचंच वाजायला हवं. टूटू मला खाईल."

एबलने नुसती पेटीची कडी घट्ट केली. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

मोआनीने पार्टीच्या आदल्या दिवशीच पेटी उघडली आणि फुलांचा हार घालून युकुलेले मांडवात टेबलावर मांडलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. दिवसभर बारीक पाऊस होता. रात्रभरही. ते लाकूड चोवीस तास हिलोची हवा पीत राहिलं. एबल मांडवात खुर्च्या लावायला गेला तेव्हा त्याने लांबूनच बघितलं. घोडीपाशी पोट वर आलं होतं.

पार्टीला माणूस लोटलं. भट्टी उघडली, डुकराचं मांस परातींनी आलं, पोईच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या लगद्याच्या, वाट्या फिरल्या. टूटूला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, गळ्यात हारच हार. मग सॉलोमन उठला. हा आडदांड गडी आयुष्यभर कुरणावर गुरं वळत आला होता, पण गायला लागला की बायका डोळे पुसायच्या. त्याने बाळाच्या कपाळाला कपाळ लावलं, युकुलेले उचललं आणि तारा जुळवायला लागला.

जुळेनात. एक जुळली की दुसरी सुटायची. त्याने तारा दाबल्या, बोटं दुखल्यासारखा चेहरा केला, आणि तरी गाणं सुरू केलं. आवाज दबका, जाडाभरडा, वरच्या पडद्यांवर उघड बेसूर. मांडवातलं बोलणं हळूहळू थांबलं. सॉलोमन अर्ध्यात खाकरला, पुन्हा सुरू झाला, आणि कडवं संपवून थांबला. टाळ्या पडल्या. लांबलेल्या भाषणानंतर पडतात तशा.

"पावसाने असेल," कुणीतरी म्हणालं.

"कसला पाऊस? इथे रोजच पाऊस आहे," मासा मागून मोठ्याने म्हणाला. दोन बियर झाल्या होत्या त्याच्या. "सांगत होतो मी याला, चांगलं बसलेलं उखडू नको. ऐकतोय कुणाचं! हात गेला, एबल, हात गेला तुझा!"

लोक हसले. वाईट हेतूने नाही. पण हसले.  एबल एक वाक्य बोलला असता तर सगळी तोंडं बंद झाली असती. हे इथलं नाही, तिकडचं आहे, एवढंच. आणि टूटूने लगेच विचारलं असतं, दोन वर्षांसाठी तिकडचं कशाला?

टूटूने मान त्याच्या दिशेला वळवली. "एबल, कोआ तेच होतं ना रे? लोर्नाचं?"

"तेच, टूटू."

"मग असं काय वाजतंय?"

"म्हातारा झालो, टूटू," एबल म्हणाला. "हात चालत नाही आता."

 टूटूने चाचपडत त्याचं मनगट धरलं आणि थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

राइडन धावत घरी जाऊन भिंतीवरचं मोआनीचं जुनं युकुलेले घेऊन आला. सॉलोमनने ते छेडलं मात्र, मांडव पुन्हा हलायला लागला.

एबल मागच्या बाजूला जाऊन पातेली घासत बसला. थोड्या वेळाने मोआनी आली. तिच्या हातात ते नवीन युकुलेले होतं. ती या बापाच्या भुशात वाढलेली पोर. तिने वाद्य डोळ्यांच्या रेषेत धरलं, फुगलेल्या तबलीवरून तळवा फिरवला, गोल भोकाला नाक लावून आतला वास घेतला.

"पपा, हे इथलं नाहीये."

एबल घासत राहिला.

"हे तू तिकडचं केलंयस."

"हं."

तिने वाद्य खाली घेतलं. "तुला कधी कळलं?"

"मासे काढायला गेलो होतो."

मोआनी खाली बसली. पार्टीच्या नव्या कोऱ्या, साडीसारख्या झुळझुळीत फुलाफुलांच्या झग्याचा घेर चिखलात गेला तरी तिने उचलला नाही. ती रडत होती आणि रडताना आवाज होऊ देत नव्हती, कारण टूटूचे कान. "सगळे हसले तुला," ती म्हणाली. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ते पातेलं दे इकडे."

तिने पातेलं दिलं. पाणी ओतत तो म्हणाला, "तिकडे कुठलं झाड धरतं?"

"राइडन म्हणतो, डाळिंब."

"चांगलं आहे. खोल खणा. वरवर पुरलं तर कुत्री उकरतात. आणि याला आत्ताच्या आत्ता पेटीत घाल, पुड्या बदल. तिथे गेल्यावर महिनाभर तारा सैल ठेव, आपोआप खाली बसेल ते." मग पातेलं उपडं ठेवत म्हणाला, "चांगलं झालंय गं. खरंच चांगलं झालंय."

ते गेले. एबलने खिडकीखालच्या पेट्या एकेक करून उघडायला सुरुवात केली, पण लोक आता त्याच्याकडे नवीन काम टाकेनासे झाले. केआउकाहात बातमी पसरायला मांडव पुरतो. मासा रोज यायचा आणि झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ते त्याच्या टोमण्यांहून जड होतं. खड्डा बुजवता येत नव्हता, कारण टूटू विचारायची. म्हणून एबल दर थोड्या दिवसांनी त्यातलं पाणी उपसायचा. वीज गेली की टूटू ओरडायची, "एबल, वार!" मग तो उठून पडवीत जायचा, रिकाम्या कोपऱ्यासमोर झाकण उघडून मिटायचा आणि सांगायचा, "आहे, टूटू."

नाताळाच्या सुमारास एका दुपारी फोन आला. मोआनी होती. तिकडे थंडी पडली होती, इतकी कोरडी की ओठांतून रक्त येत होतं. बाळ चालायला लागलं होतं. "टूटूजवळ धर फोन," ती म्हणाली.

एबलने फोन टूटूच्या कानापाशी धरला. पलीकडे तारा वाजल्या. एबलला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. न्हाणीघरात त्याने एकट्याने ऐकलेला तोच. आता मोकळा झालेला, मागे वाळवंटाएवढी जागा असलेला. मोआनीने कडवं पूर्ण वाजवलं. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

टूटू डोळे मिटून ऐकत होती. 

"बाई गं," ती म्हणाली. "कसं गातंय."

मग ती एबलकडे वळली आणि आवाज खाली आणून, त्याला लागू नये अशा बेताने म्हणाली, "नवीन घेतलं वाटतं पोरीने तिकडे दुकानातून. जाऊ दे रे, मनाला लावून घेऊ नकोस. तिला चांगलं मिळालं ना, झालं."

"हो टूटू," एबल म्हणाला. "चांगलं मिळालं."